रमाकांतराव धुरंधरांची विश्वासार्ह सही

'उद्यापासून तीन दिवस पाणी येणार नाही. कृपया साठा करून ठेवावा. आपला नम्र, र. वि. धुरंधर, चिटणीस, भाडेकरू संघ.'

ठाकूरद्वारच्या रत्नप्रभा बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही नोटीस आली, तेव्हा स्वतः चिटणीस रमाकांतराव धुरंधर आरशासमोर दाढी करत होते. त्यामुळे चिटणिसांना सोडून बाकी सगळ्या बिल्डिंगला त्यांची नोटीस कळली. दाढी आटोपून ते गॅलरीत आले तर तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नुसती भांड्यांची आदळआपट चाललेली. पिंपं भरली, बादल्या भरल्या, कुकर भरले. पहिल्या मजल्यावरच्या माया अजिंक्य यांनी फक्त सत्यनारायणाला बाहेर निघणारा चांदीचा तांब्यासुद्धा भरून ठेवला. एवढं पाणी लोक कशाला भरताहेत हे रमाकांतरावांना कळेना. पण आपण चिटणीस असून आपल्यालाच माहीत नाही असं दिसायला नको, म्हणून त्यांनीही दोन कळशा भरल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. नेहमीच्या वेळेला, नेहमीपेक्षा जोरात. भरायला कुणाकडे रिकामी वाटी नव्हती, आणि पाणी येणारच नाही या भरवशावर वरच्या मजल्यावरचे दोन-तीन नळ उघडेच राहिले होते. ते सगळं पाणी शिस्तीत खाली उतरून तळमजल्यावर जयवंतराव तळपद्यांच्या खोलीत शिरलं. जयवंतराव म्हणजे रमाकांतरावांचे लहानपणचे सवंगडी, माजी चिटणीस आणि गेल्या निवडणुकीपासूनचे विरोधी पक्ष. ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, ओला मोबाइल हातात धरून दुसऱ्या मजल्यावर आले. मागोमाग अर्धी बिल्डिंग.

"हे काय आहे, रमाकांत?"

रमाकांतरावांनी ती नोटीस पहिल्यांदा वाचली. "मी हे लिहिलेलंच नाही!"

"नाव तुझं, भाषा तुझी. 'कृपया साठा करून ठेवावा' असं या बिल्डिंगमध्ये दुसरं कोण लिहितं?"

शोध घेतल्यावर निघालं ते असं, की नोटीस रमाकांतरावांचीच होती, पण तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा खरोखरच नाक्यावरची पाइपलाइन फुटली होती. माया अजिंक्य मोबाइलमधले जुने मेसेज पुसत बसल्या होत्या. "पुसायला गेले, रमाकांतभाऊ, तर ते पुढे गेलं," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. रमाकांतरावांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. विमा कंपनीत सारी हयात गेलेला माणूस. त्यांच्या सहीशिवाय लोकांना मरणाचे पैसे मिळत नसत. आणि आज त्यांच्याच नावावर कुणीही, केव्हाचंही काहीही पुढे ढकलावं?

"यापुढे," ते गॅलरीत उभे राहून म्हणाले, "माझी प्रत्येक नोटीस सहीनिशी येईल. डिजिटल."

हा शब्द त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता. त्याचा अर्थ विचारायला ते संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या संघमित्रा गमरेकडे गेले. संघमित्रा परळच्या गिरणगावात वाढलेली. आता तिथल्याच एका उंच टॉवरमध्ये एका बँकेच्या संगणक-सुरक्षेचं काम बघायची. तिने त्यांना चहा दिला आणि सोप्या शब्दांत समजावलं. प्रत्येकाच्या दोन चाव्या असतात. एक गुप्त, जी स्वतःपाशी ठेवायची आणि जिने सही करायची. दुसरी जाहीर, जी सगळ्यांना वाटायची, म्हणजे सही खरी की खोटी हे कुणालाही ताडून बघता येतं. आणि ही जाहीर चावी खरंच धुरंधरकाकांची आहे, असं जे तिसरं कुणी लिहून देतं, ते सर्टिफिकेट.

"आणि त्या तिसऱ्याचं खरं कशावरून?"

"त्याला त्याच्या वरचा सर्टिफिकेट देतो."

"आणि त्या वरच्याला?"

"त्याच्या वरचा. अशी साखळी असते, काका."

"पण सगळ्यात वरचा?"

"तो स्वतःच स्वतःला देतो."

रमाकांतरावांचा कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. "म्हणजे वरच्याला कुणी विचारतच नाही?"

"नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायचा."

नोकरीत असताना हा अनुभव त्यांनी रोज घेतला होता, पण इतक्या उघडपणे कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

संघमित्राचा सल्ला साधा होता: मान्यताप्राप्त कंपनीकडून तयार सही घ्या. रमाकांतरावांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. त्या कंपनीला व्हिडिओवर ओळख पटवून हवी होती. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पॅनकार्ड धरून ते मोबाइलसमोर बसले. पॅनकार्डावरच्या रमाकांतरावांना केस होते. ते यंत्राने मोठ्या मनाने चालवून घेतलं. मग हुकूम आला, आपण जिवंत आहात हे सिद्ध करण्यासाठी डोळे मिचकावा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा डावा डोळा जरा आपल्या मर्जीने वागतो. त्यांनी मिचकावला. पुन्हा मिचकावला. शेवटी गालासकट मिचकावला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'जिवंत व्यक्ती आढळली नाही.'

रमाकांतराव गार पडले. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीवहिनी चष्मा सावरत म्हणाल्या, "अहो, मी बोलून बघू का त्यांच्याशी?"

"तू काय बोलणार?"

"आहेत म्हणून सांगते."

त्या क्षणी त्यांनी ठरवलं. ज्यांना समोर बसलेला माणूस दिसत नाही, त्यांच्याकडून ओळख विकत घ्यायची नाही. सगळ्यात वरचा जर स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट देतो, तर रत्नप्रभा बिल्डिंगपुरता सगळ्यात वरचा आपणच व्हायचं. संघमित्राला हे ऐकून हसू आलं, पण तिने मदत केली. जुन्या लॅपटॉपवर फुकटचा प्रोग्राम घालून दिला आणि एक छोटं पान बनवलं. नोटीस त्या पानावर टाकली की सही खरी असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल फुली. "काका, मूळ चावी जिवापाड जपा. तिला पासवर्ड मोठा घाला. आणि प्रत्येक सर्टिफिकेटला मुदत असते, ती नीट भरा," एवढं सांगून ती ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेली.

मूळ चावी बनवताना साक्षीदार असावेत, असं रमाकांतरावांनी कुठेतरी वाचलं. झालं, रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत टेबल मांडलं गेलं. वहिनींनी अळूच्या पानांची पातवड तळली. तळपदे मुद्दाम लवकर आले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "मुहूर्त बघितलास का?" त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं लॅपटॉपचं तोंड पूर्वेला करा, कुणी म्हणालं आधी अँटिव्हायरस मारा. चावी बनताना प्रोग्रामने माऊस हलवत राहायला सांगितलं, म्हणजे आकडे कुणाला ओळखता येणार नाहीत असे बनतात. एकट्याने कशाला, म्हणून सगळ्यांनी आळीपाळीने हलवला. तिसऱ्या मजल्यावरच्या ऐंशीच्या घरातल्या सुंदराबाई पेडणेकर त्या दिवशी कठडा धरत धरत एक मजला उतरून आल्या होत्या. त्यांच्याही हातात माऊस दिला.

"ह्यो काय, उंदीर?" सुंदराबाई म्हणाल्या. "चावतलो नाय मा माका?"

मग पासवर्ड. सगळ्यांनी पाठी फिरवल्या. रमाकांतरावांना टाइप करताना अक्षरं पुटपुटायची सवय. पासवर्ड पुरा होईपर्यंत पहिल्या मजल्यापर्यंत पाठ झाला. तळपद्यांनी पाठमोऱ्यानेच सुचवलं, "एकाच माणसाच्या हातात एवढी सत्ता नको. अर्धा पासवर्ड तुझा, अर्धा माझा." याला टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर नाही म्हणणं रमाकांतरावांना जड गेलं. अर्धा त्यांनी घातला, तोंडात सुपारी धरून. अर्धा तळपद्यांनी, लॅपटॉपवर टॉवेल टाकून.

इथवर सगळं हौसेचं होतं. पण चिटणिसालाच सर्टिफिकेट का, आम्हाला का नाही, असा प्रश्न निघाला. उद्या माया अजिंक्य यांनी ग्रुपवर काही टाकलं तर ते खरं कशावरून? प्रश्न रास्त होता. रमाकांतरावांनी रोज दुपारी आपल्या दारात टेबल टाकून बिनचूक तपासणी सुरू केली. सर्टिफिकेट द्यायची वेळ आली की तळपदे येऊन आपला अर्धा पासवर्ड घालून जात.

"नाव?"

"अरे, तुझ्या मुंजीत भिक्षावळीला आलो होतो मी," तळपदे म्हणाले.

"मुंजीचा पुरावा चालत नाही. आधार कार्ड."

माया अजिंक्य यांना त्यांनी परत पाठवलं, कारण रेशन कार्डावर 'मायादेवी' होतं. त्या जिन्यावरून खाली जाताना मोठ्याने म्हणाल्या, "यांच्या डोळ्यांसमोर लग्न होऊन आले मी या बिल्डिंगमध्ये!" तीन फेऱ्यांनंतर त्यांना सर्टिफिकेट मिळालं आणि तेव्हापासून नियमांचं त्यांच्याइतकं कडक पालन कुणी करेनासं झालं. रमाकांतराव तर भेटेल त्याला बजावत, "हिरवी खूण दिसली तरच ती माझी नोटीस. लाल फुली असेल तर पाळायची नाही. अगदी माझा फोन आला तरी नाही. हल्ली आवाजसुद्धा बनवता येतो."

काही दिवस ही व्यवस्था इतकी झकास चालली, की शेजारच्या वाडीतून माणसं बघायला येऊन गेली. गच्चीच्या चावीपासून कचऱ्याच्या वेळेपर्यंत प्रत्येक गोष्ट हिरव्या खुणेनिशी जाऊ लागली. रमाकांतराव चालताना किंचित मागे झुकून चालायला लागले.

माशी शिंकली ती तळपद्यांच्या नावापाशी. प्रोग्राम इंग्रजी, नाव इंग्रजीतून भरलेलं. पानावर मराठीत उमटलं 'जयवंत तळपडे'. जयवंतराव संतापले. "चार पिढ्या तळपदे आहोत आम्ही! तळ पडायला मी काय गळकी बादली आहे?"

दुरुस्ती करायची तर जुनं सर्टिफिकेट आधी रद्द करावं लागतं. रद्द केलेलं जाहीर करावं लागतं, म्हणजे त्याचा कुणी गैरवापर करत नाही. आणि रद्द करण्याचं कारण द्यावं लागतं. प्रोग्रामने कारणं दिली होती तयार: चावी चोरीला गेली, माणसाने संस्था सोडली, अशी सगळी अब्रू जाणारी. त्यातल्या त्यात सौम्य म्हणून रमाकांतरावांनी 'सेसेशन ऑफ ऑपरेशन' निवडलं, डिक्शनरी उघडून त्याचं शुद्ध मराठी केलं, आणि प्रवेशदारातल्या फळ्यावर खडूने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'श्री. जयवंत तळपदे. कार्य समाप्त. — चिटणीस.'

जयवंतराव विधुर. मुलगा-सून नोकरीवर. दाराला कुलूप लावून ते सकाळी मासळी आणायला गेले होते. नेमक्या त्या वेळी त्यांची दादरची मेहुणी डबा घेऊन आली. फळा वाचून ती दारातच मटकन खाली बसली. खोलीला कुलूप. तिने फोन फिरवले. वरळीचे आले, माहीमचे आले, एक भाचा तर ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आला. कुणी कुणाला विचारायचं? फळ्यावर चिटणिसांची सही होती, आणि धुरंधरांच्या बिल्डिंगमध्ये खोटी नोटीस लागत नाही, हे एव्हाना नातेवाइकांतही माहीत झालं होतं.

गलका ऐकून रमाकांतराव खाली आले, तर तळपद्यांच्या दारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. जयवंता! आपल्याशी भांडून गेला आणि असा? त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तेवढ्यात बोंबलांची पिशवी हातात घेऊन जयवंतराव दारातून आत आले. गर्दी बघून थबकले, चपला काढल्या, पिशवी मागे लपवली आणि हळूच भाच्याच्या कानाशी लागले, "कोण गेलं रे?"

"जयवंतमामा," भाचा म्हणाला, आणि मग त्याने वळून पाहिलं.

भाच्याला कांदा हुंगवावा लागला. मेहुणी आधी किंचाळली, मग जिवंत असल्याबद्दल जयवंतरावांवर रागावली. जयवंतरावांनी फळा वाचला. सावकाश, दोनदा. मग ते रमाकांतरावांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद. माझा अर्धा पासवर्डसुद्धा माझ्याबरोबर गेला असं समज."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रमाकांतराव वर जाऊन कितीतरी वेळ नुसते पंख्याकडे बघत बसले. मित्र परत मिळाल्याचा आनंद आणि मित्र गेल्याचं दुःख दोन्ही एकाच सकाळी, आणि दोन्हीला कारण आपलीच खडूची कांडी.

असे काही आठवडे गेले. मग एक दिवस बिल्डिंगच्या पाहणीला अभय वैद्य नावाचे इंजिनीअर आले. त्यांनी मुख्य लाकडी जिन्याच्या तुळईवर हातोडी मारली. आवाज आला तो लाकडाचा नव्हता, पापडाचा होता. वैद्यांनी पायरीवरचा आपला पाय हलकेच उचलून मागे घेतला.

"चिटणीस तुम्हीच ना? या जिन्यावर आता एक माणूससुद्धा चढता-उतरता कामा नये. मी टेकू आणि माणसं घेऊन येतो. तोवर सगळ्यांना मागच्या लोखंडी जिन्याने खाली अंगणात घ्या. सगळ्यांना. लगेच."

रमाकांतरावांनी नोटीस लिहिली, सही केली, पाठवली. वर बघत उभे राहिले. कुणी हललं नाही. त्यांनी मोबाइल उघडून पाहिला. नोटिशीपुढे लाल फुली. खाली ओळ, 'ही सही विश्वासार्ह नाही. पाठवणारा तोतया असू शकतो.'

पुन्हा पाठवली. पुन्हा फुली. त्यांनी बंगळूरला संघमित्राला फोन लावला. तिने तिथून बघितलं.

"काका, मुदतीच्या रकान्यात छत्तीस घातलंत?"

"हो. छत्तीस महिने. तीन वर्षं."

"तिथे दिवस असतात, काका. आज मूळ सर्टिफिकेटच संपलं, म्हणून सगळ्यांचीच गेली. नवी करायला मूळ चावी लागेल. पूर्ण पासवर्ड. दोन्ही अर्धे."

रमाकांतराव तळपद्यांच्या दाराशी धावले. बोलणं बंद होतं, हे आठवायला वेळ नव्हता. "जयवंता, पासवर्ड दे."

जयवंतराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "कार्य समाप्त झालेल्या माणसाकडे पासवर्ड कसा असेल?"

"जिना पडतोय."

वर्तमानपत्र खाली आलं. रमाकांतरावांचा चेहरा त्यांनी चौथीत असताना, पतंग काढायला पत्र्यावर चढलेल्या दिवशी असा पाहिला होता. ते उठले. "पासवर्ड घालून कसली सही करत बसतोस, गाढवा? चल, हाका मार!"

दोघे अंगणात उभे राहून ओरडायला लागले. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं आली. हातात मोबाइल. मोबाइलवर लाल फुली.

"जिन्यावर पाय ठेवू नका! मागून उतरा!"

"सही दाखवा!" पहिल्या मजल्यावरून आवाज आला.

रमाकांतरावांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "अहो, मी इथे उभा आहे! मी, रमाकांत धुरंधर!"

"फुली असली तर तुमचंसुद्धा ऐकायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत," माया अजिंक्य कठड्यावरून वाकून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तीन फेऱ्यांचा हिशेब होता.

"तो रमाकांतच आहे!" जयवंतराव गरजले. "मी सांगतो!"

"तुम्ही काय सांगता? तुम्ही रद्द आहात!"

जिवंतपणी अंगणात उभा असलेला एक माणूस तोतया आणि दुसरा रद्द, आणि आत साठ-सत्तर माणसांच्या येण्याजाण्याचा भार पेलत उभा असलेला जिना, ज्यावरून कुणीही केव्हाही दूध आणायला निघालं असतं. रमाकांतरावांनी आपल्या गॅलरीकडे पाहिलं. राजलक्ष्मीवहिनी उभ्या होत्या. त्याही मोबाइलकडे बघत होत्या.

"तूसुद्धा?" ते पुटपुटले.

वहिनींनी मोबाइल पदरात गुंडाळला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "लग्नात माझ्या आईने तुम्हाला काय शिवलं होतं?"

"काय?"

"उत्तर द्या. काय शिवलं होतं?"

"सफारी!" रमाकांतराव ओरडले.

"रंग?"

"पिस्ता!"

"मग घातला का नाहीत?"

रमाकांतरावांनी आजूबाजूला पाहिलं. सबंध बिल्डिंग कान देऊन उभी. "पॅन्ट... पॅन्ट बसताना उसवली!"

"हेच ते," वहिनी म्हणाल्या. "चला गं सगळ्या. मागच्या जिन्याने."

पण ही तपासणी लोकांना भलतीच पसंत पडली. दुसऱ्या मजल्यावरून प्रश्न आला, आमच्या मनवाच्या लग्नात मठ्ठा कुणाच्या अंगावर सांडला? "विहीणबाईंच्या!" तिसऱ्या मजल्यावरून, सहामाहीला गणितात तुला किती पडले होते? "अकरा!" "शंभरपैकी," जयवंतरावांनी जोड दिली. एकेका उत्तराला एकेक दार लागत होतं आणि माणसं मागच्या बाजूला निघत होती. आयुष्यभर जपलेली रमाकांतरावांची सगळी प्रतिष्ठा त्या अंगणात मजल्या-मजल्याने उतरत होती, आणि ते घशाच्या शिरा ताणून उत्तरं देत होते. माया अजिंक्य सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. रमाकांतरावांच्या समोरून जाताना फक्त म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं, तर माझं रेशन कार्ड कशाला हवं होतं?"

सुंदराबाई राहिल्या. मागचा जिना गोल, अरुंद, एका माणसापुरता. रमाकांतराव पुढे आणि जयवंतराव मागे, मध्ये सुंदराबाई, अशी वरात निघाली. एकेक पायरीवर थांबत. रमाकांतराव उलटे उतरत होते, म्हातारीचे पाय हाताने धरून पायरीवर ठेवत. मागून जयवंतराव सूचना देत होते, रमाकांतराव त्या सूचनांना हरकत घेत होते, आणि बोलणं बंद असल्याचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

"डावा पाय आधी घे तिचा!"

"डावाच घेतोय! तुझा डावा वेगळा, माझा वेगळा!"

सुंदराबाईंनी मध्येच कठडा घट्ट धरला. "मेल्यांनो, तुमी दोघव माका सांभाळतास काय एकमेकांक? माका आदी खाली उतरवा, मगे काय तां झगडा."

त्यांचे पाय अंगणाच्या फरशीला लागले. रमाकांतरावांनी कपाळावरचा घाम पुसायला रुमाल काढला, आणि आतून आवाज आला. आधी कुणी जाड कापड फाडावं तसा. मग मोठ्ठा. मुख्य जिना वरपासून खालपर्यंत, कठड्यासकट, स्वतःतच बसला. प्रवेशदारातून धुळीचा लोट अंगणात आला आणि सगळ्यांच्या अंगावर बसला. एक मोबाइल वाजत होता, तो कुणी उचलला नाही. जिथे थोड्या वेळापूर्वी पायऱ्या होत्या, तिथून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचा उजेड सरळ खाली पडत होता. रमाकांतराव त्या उजेडाकडे आ वासून बघत राहिले. आपण हिरव्या खुणेची वाट बघत बसलो असतो, तर? पुढचा विचार त्यांनी केला नाही. मग ते पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. शेजारी जयवंतराव येऊन बसले. दोघेही पिठात घोळल्यासारखे पांढरे झाले होते.

इंजिनीअर वैद्य टेकू आणि माणसं घेऊन आले, तेव्हा टेकू लावायला जागा उरली नव्हती. त्यांनी भराभर माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि सगळी आहेत म्हटल्यावर टाकीच्या कट्ट्याला टेकून एक दीर्घ श्वास घेतला. मग पिशवीतून कागद काढला. "बिल्डिंग रिकामी केल्याची नोंद लागेल. चिटणीस, इथे सही करा."

रमाकांतरावांनी पेन घेतलं. म्हातारीचे पाय उचलून उचलून हात भरून आले होते. र आला, मा वेडावाकडा आला, धुरंधरातला शेवटचा र तर ओळ सोडून खाली उतरला. वैद्यांनी ती सही बघितली. "ही तुमची सही?"

सकाळपासून मी मीच, मी मीच, असं ओरडून घसा बसला होता, आणि आता या कागदावरची सही रमाकांतरावांना स्वतःलाच ओळखू येत नव्हती.

जयवंतरावांनी वाकून कागदाकडे पाहिलं. "त्याचीच आहे. द्या इकडे, मी साक्षीदार म्हणून करतो." आणि त्यांनी खाली टपोऱ्या अक्षरात, 'द' नीट गोल काढून, 'जयवंत तळपदे' अशी सही ठोकली.

"साक्षीदाराचं चिटणिसांशी नातं काय?" वैद्यांनी विचारलं.

अंगणातली सगळी माणसं ऐकत होती.

"खरं सांगायचं तर वैर," जयवंतराव म्हणाले. "पण तुमच्या कागदात ते बसत नसेल. शेजारी लिहा."